कुंपणावरील करमर्द : वैद्यांच्या विचारार्थ

निघंटूच्या फळवर्गात ज्याला स्वतंत्र स्थान आहे, संहितांतील दोन निरनिराळ्या गणांत ज्याची गणना झाली आहे आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या घाटांत जे कोणी न लावता वाढते, ते करवंद वैद्याच्या अंगणात मात्र क्वचितच दिसते. तुळस, अडुळसा, कोरफड, गुळवेल ही मंडळी बहुतेक चिकित्सालयांच्या दारी हजर असतात. पाटीशेजारी दोन कुंड्या ठेवल्या की वैद्याचे घर शोभते, हेही खरे. परंतु करमर्द हे कुंडीतले द्रव्य नव्हे. त्याला कुंपणाची जागा लागते, निचऱ्याची जमीन लागते आणि लावणाऱ्याच्या अंगी तीन-चार वर्षांचा धीर लागतो. पहिल्या दोन गोष्टी आपल्या जिल्ह्यात मुबलक आहेत, तिसरीबद्दल ज्याने त्याने स्वतःला विचारावे. जिल्ह्यातील प्रत्येक वैद्याने आपल्या घराच्या वा चिकित्सालयाच्या सीमेवर करवंदाची निदान चार झुडपे लावावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. करवंदाची थोरवी गाण्याचा येथे हेतू नाही. कच्चे करवंद व पिकलेले करवंद ही गुणांनी जवळजवळ परस्परविरुद्ध द्रव्ये आहेत. हा भेद बाजारातील फळावरून वा पुडीवरून कळत नाही, दारच्या झुडपावरच कळतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या लेखनास निमित्त झाले ते एका वेगळ्याच प्रश्नाचे. गेल्या दोन-तीन वर्षांत काही व्यवसायबंधूंनी आणि काही रुग्णांनीही आम्हाला विचारले की, घरच्या बागेत 'करंट' लावता येईल काय? 'ब्लॅक करंट' हे नाव आइस्क्रीमच्या दुकानांमुळे आता खामगाव-मलकापूरच्या मुलांच्याही तोंडी आहे. युरोपातला हा काळा करंट रायबिस कुलातील झुडूप होय. त्याचे काही भाऊबंद हिमालयाच्या उंच भागांत रानटी आढळतात. हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग कडक थंडी मिळाल्यावाचून त्याच्या कळ्या नीट फुटत नाहीत. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि वऱ्हाडात ते थंड हवेचे म्हणून ओळखले जाते, हे मान्य. परंतु वऱ्हाडातली थंडी ती वऱ्हाडातलीच. घाटाखालच्या नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात तर वैशाखातील उन्हात हे परदेशी झुडूप पहिल्याच वर्षी करपून जाईल.

'करंट' हा शब्ददेखील मुळात त्या झुडपाचा नव्हे. ग्रीसमधील कोरिंथ येथून जाणाऱ्या बारीक काळ्या मनुकांना ते नाव पडले. पुढे उत्तर युरोपातील त्या झुडपांच्या फळांना ते चिकटले, आणि इंग्रज मंडळी हिंदुस्थानात आल्यावर आपल्या करवंदालाही 'बेंगॉल करंट' असे नाव मिळाले. अर्थात, नावाचे साम्य म्हणजे गुणांचे साम्य नव्हे. करवंद हे कण्हेर, तगर, सदाफुली यांच्या कुळातले, चीक असलेले झुडूप आहे; काळ्या करंटचे गुण वाचून ते करवंदावर लादणे हा वैद्यकाचा मार्ग नव्हे. मात्र त्या परदेशी झुडपाची एक हकिकत आपण लक्षात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून संत्री येणे दुरापास्त झाले, तेव्हा ब्रिटनमध्ये या झुडपाच्या लागवडीस उत्तेजन देण्यात आले आणि १९४२ पासून त्याच्या फळांचे सरबत दोन वर्षांखालील बालकांना मोफत वाटले गेले. अडचण येताच तेथील लोकांनी आपल्या परसातील झुडपाकडे पाहिले. आपल्याकडे अडचण असूनही परसाकडे पाहणे होत नाही, हा फरक आहे.

आता आपल्या करवंदाकडे येऊ. अजिंठ्याच्या डोंगररांगांचा जो भाग आपल्या जिल्ह्यातून जातो, तेथील मुरमाड उतारांवर करवंदाच्या जाळ्या आहेत, तशाच त्या उत्तरेकडील सातपुड्याच्या पायथ्याशीही आहेत. माघ-फाल्गुनात पांढरी सुवासिक फुले येतात, चैत्रात हिरवी फळे लागतात आणि वैशाख सरताना ती काळी होऊ लागतात. पळसाच्या पानांचे द्रोण मांडून रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायाबापड्या आणि 'डोंगराची काळी मैना' ही आरोळी ज्यांच्या आठवणीत आहे, असे वाचक आमच्या पिढीत पुष्कळ असतील. फळ अर्धे चावायचे आणि आतला रंग पाहून 'कोंबडा की कोंबडी' ठरवायचे, लाल निघाले तर कोंबडा आणि फिके निघाले तर कोंबडी, हा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. आज आमच्याकडे येणाऱ्या शाळकरी मुलांपैकी हा खेळ ठाऊक असणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी असतात. केवळ खेळ लोपला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. फळ कच्चे कोणते व पिकलेले कोणते हे तोंडाने ओळखण्याची सवयच त्याबरोबर जात आहे, आणि ती सवय वैद्यालाही हवी असते.

भावप्रकाश निघंटूत करमर्दाचे दोन भेद सांगितले आहेत. मोठ्या फळाचा तो करमर्द, त्याहून लहान फळाची ती करमर्दिका. 'कृष्णपाकफल' हा करमर्दाचा पर्याय तर फळाचा पाक कोणत्या रंगावर पूर्ण झाला म्हणावे हेच सांगतो. या दोहोंचे आम फळ अम्ल, गुरु, उष्ण, रुचिकर व तृषाहर असून ते रक्तपित्त व कफ वाढविणारे आहे. पक्व फळ मात्र मधुर, रुचिकर, लघु आणि पित्त व वात यांस जिंकणारे आहे, असा निघंटूकारांचा अभिप्राय आहे. एकाच झुडपाचे एकच फळ, मधे अवघ्या काही आठवड्यांचे अंतर, आणि एक रक्तपित्तकर तर दुसरे पित्तशामक! एवढा स्पष्ट भेद सांगितलेला असताना प्रत्यक्ष व्यवहारात आपण काय करतो? 'करवंद' असे एकच नाव उच्चारतो आणि ते आंबट समजून सर्वांना सारखेच वर्ज्य करतो, नाहीतर सर्वांना सारखेच सुचवतो.

अम्लपित्ताच्या रुग्णास 'आंबट, तिखट, तेलकट बंद' असे सांगण्याची जी ठरीव पद्धत पडली आहे, तिच्याविषयी आम्हाला येथे थोडे लिहिणे भाग आहे. अम्लरस पित्तकर हा सामान्य नियम झाला. दाडिम व आमलक यांचा अपवाद चरकाचार्यांनी स्वतःच नोंदवला आहे. पक्व करवंदाला तर अपवादाचीही गरज नाही, कारण ते मुळात मधुररसाचे सांगितले आहे. चिखलीकडील एका शेतकरी कुटुंबातील प्रौढ स्त्री आमच्याकडे अनेक वर्षांच्या अम्लपित्तासाठी आली होती. पूर्वी कोणी सांगितले म्हणून तिने आवळा, डाळिंब, पिकलेले करवंद ही सर्व फळे सोडली होती. मात्र जेवणात रोज करवंदाचे लोणचे चालू होते, कारण लोणचे हे तिच्या हिशेबी फळ नव्हते, तोंडी लावणे होते. म्हणजे जे घ्यावे ते बंद आणि जे टाळावे ते सुरू. लोणचे नेहमी कच्च्या फळाचे असते, त्यात मीठ, मोहरी, तिखट व तेल यांची भर पडते. वैशाखात ज्या मुलांचा घोळणा वारंवार फुटतो, त्यांच्या आयांना आम्ही आता हटकून विचारतो की, मूल मीठ-तिखट लावून हिरवी करवंदे खाते काय. उत्तर बहुधा होकारार्थी येते. यावरून सिद्धान्त मांडण्याचा आमचा मानस नाही. विचारावयाचा प्रश्न म्हणून तो नोंदवीत आहोत.

बाजाराची अडचण येथेच येते. मोठ्या फळाची जी करवंदे भाजीबाजारात विकली जातात, ती पांढरट-गुलाबी, टणक आणि अपक्व असतात. पिकलेले फळ नाजूक, हाताळता फुटणारे, दोन दिवसांत नासणारे. व्यापाऱ्यास ते परवडत नाही. करवंदाच्या चूर्णाची जी पाकिटे आमच्या पाहण्यात आली, त्यांपैकी एकावरही फळ आम घेतले की पक्व, याचा उल्लेख नव्हता. बेकरीतल्या केकवर किंवा पानाच्या विड्यात जी तांबडीलाल 'चेरी' मिळते, ती पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते, हे अनेकांना ठाऊक नसते. तात्पर्य, पक्व करवंद हवे असेल तर एकतर हंगामात घाटातील विक्रेत्या बाईकडून घ्यावे, नाहीतर दारी लावावे. तिसरा मार्ग आम्हाला दिसत नाही.

आमच्या चिकित्सालयाच्या मागील बाजूस करवंदाची एक ओळ आहे. तिला आता सहावे वर्ष चालू आहे. रसाचे ज्ञान द्रव्याचा जिभेशी संबंध येताच होते, हे आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. त्याची प्रचीती घ्यावयाची तर एकाच झुडपाचे फळ आठवड्या-आठवड्याने चाखून पाहावे. चैत्रातील हिरवे फळ अम्ल व कषाय लागते, दात आंबतात, ओठांना चीक चिकटतो. रंग पालटू लागला की कषायता कमी होते, पण अम्लता टिकून असते. बाहेरून तांबूस-काळे दिसणारे फळ आतून अजून कच्चे असू शकते. देठाशी नुसता हात लावताच जे सुटून येते, ते खरे पक्व. त्यात चीक जवळजवळ नसतो आणि मागे गोडी राहते. प्रशिक्षणासाठी आमच्याकडे येणाऱ्या तरुण वैद्यांना आम्ही हा पाठ करवंदाखाली उभा करूनच देतो. चार पाने व्याख्यान ऐकण्यापेक्षा त्यांना तो अधिक लक्षात राहतो.

संहितांकडे वळताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चरकसंहितेत करमर्दाची गणना हृद्य महाकषायात आहे. आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द, वृक्षाम्ल, अम्लवेतस, कुवल, बदर, दाडिम आणि मातुलुंग ही ती दहा द्रव्ये. 'हृद्य' हा शब्द वाचून कोणी करवंद हृदयरोगावर सांगू लागला, तर तो आचार्यांवर अन्याय होईल. ही दहाही फळे अम्लरसप्रधान, तोंडाला पाणी आणणारी, अन्नावर वासना उत्पन्न करणारी आहेत. मनाला प्रिय, रुची देणारे, हा 'हृद्य' शब्दाचा अर्थ येथे आम्हाला अधिक ग्राह्य वाटतो. ज्वरानंतर जिभेची चव गेलेल्या, वृद्धापकाळी अन्नद्वेष झालेल्या रुग्णास दोन चमचे करवंदाचा मुरांबा भाकरीबरोबर दिला, तर त्या गणाचे नाव सार्थ होते. छातीत कळ येणाऱ्या रुग्णाची मात्र तत्काळ हृदयरोगतज्ज्ञाकडे रवानगी करावी, करवंदाचे नावही काढू नये.

याच संदर्भात मुळाविषयी सांगणे आवश्यक आहे. करवंदाच्या मुळांत हृदयावर प्रत्यक्ष कार्य करणारी ग्लायकोसाइड वर्गातील द्रव्ये असतात. कण्हेरीच्या कुळाचा हा वारसा होय. म्हणून मूळ हे घरगुती औषध नव्हे. फळ घरच्यांनी खावे, मूळ वैद्याने योजावे आणि तेही मात्रा व रुग्णबल पाहून.

मुळाचा विषय निघाला की सुश्रुतोक्त कंटकपंचमूल आठवते. करमर्द, गोक्षुर, सैरेयक, शतावरी व गृध्रनखी ही त्यातील पाच द्रव्ये. रक्तपित्त, तीन प्रकारचे शोफ, सर्व प्रमेह व शुक्रदोष यांवर ते सांगितले आहे. फळ कच्चे असता रक्तपित्त वाढवते आणि त्याच झुडपाचे मूळ रक्तपित्तहर गणात येते. प्रयोज्यांग सांगितल्यावाचून द्रव्याचे नाव घेणे किती अपुरे असते, याला यापरते उदाहरण कोणते? दशमूळ प्रत्येक दुकानात मिळते. कंटकपंचमूळ मागितले तर दुकानदार आपल्याकडेच पाहू लागतो. गृध्रनखी नेमकी कोणती यावर विद्वानांत मतभेद आहेत, ते असोत. उरलेली चारही द्रव्ये आपल्या जिल्ह्यात सहज वाढतात. आमच्या मागील कुंपणात करवंद ही भिंत आहे, तिच्यावर शतावरीचे वेल चढले आहेत, पुढे कोरांटीची ओळ आहे आणि पायथ्याशी सराटे तर न बोलावता येतातच. वीस-पंचवीस फुटांच्या कुंपणात पंचमूळाची चार मुळे! उपटण्याची घाई आम्ही केलेली नाही, पण विद्यार्थ्याला दाखवावयास ती आहेत.

रानातून मुळे आणावीत असे कोणी सुचवील, तर ते आम्हाला मान्य नाही. ज्ञानगंगा व अंबाबरवा ही दोन्ही अभयारण्ये १९९७ मध्ये घोषित झाली. अभयारण्यातून विनापरवाना वनोपज काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मूळ काढणे म्हणजे जाळीच संपवणे. फळ तोडले तर जाळी राहते, तीतर-लाव्हे, अस्वले व इतर जीव यांचा वाटा राहतो आणि विकणाऱ्या बाईची चूल पेटते. मूळ काढले तर यांपैकी काहीच राहत नाही. ज्याला मूळ हवे त्याने ते लावावे, हा साधा न्याय आहे.

करवंद दारी लावू नये असे म्हणणारे लोक आम्हाला भेटतात आणि त्यांच्या म्हणण्याला ग्रंथाधार नाही असेही नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वास्तुविद्येच्या अध्यायात घराजवळचे काटेरी वृक्ष शत्रुभय देणारे, चिकाचे वृक्ष धननाश करणारे आणि फळांचे वृक्ष संततीस अपायकारक म्हटले आहेत. करवंद काटेरी, चिकाळ आणि फळाळ असे तिन्ही दोषांनी युक्त ठरते! परंतु तेथे सांगितले आहे ते घरास अगदी लागून असलेल्या झाडांविषयी. करवंदाची जागा दारात वा खिडकीखाली नव्हे, सीमेवर आहे. काट्यांत लेकरू अडकेल, दाट जाळीत सरपटणारे जीव आश्रय घेतील, ही व्यावहारिक भीतीही सीमेवर लावल्याने आणि खालचा वीतभर भाग छाटून मोकळा ठेवल्याने पुष्कळ कमी होते. ज्यांचे घर शेतात आहे त्यांना तर हा काटा वरदान वाटेल. रोही व रानडुकरांनी आपल्या जिल्ह्यातील शेतकरी किती त्रस्त आहे, हे सांगावयास नको. रोही उंच उडी मारतो, त्याला करवंद अडवील असा दावा आम्ही करीत नाही. शेळ्या, मोकाट गुरे व माणसे मात्र पूर्ण वाढलेल्या करवंदाच्या वईला मान देतात.

आमचा स्वतःचा एक आग्रह आहे, आणि तो आम्ही वास्तुशास्त्राहून महत्त्वाचा मानतो. करवंदाच्या ओळीत वा तिच्या जवळपास पिवळी कण्हेर, जिला कोणी बिट्टी म्हणतात, ती ठेवू नये. तिचीही फळे हिरवी असतात आणि पिकली की काळी पडतात. तिलाही पांढरा चीक आहे. ती अत्यंत विषारी असून तिच्या बिया प्राणघातक ठरतात. 'काळे झाले की खायचे' हे ज्या मुलाला आपण करवंदावर शिकवले, त्याच्या हाताशी बिट्टीचे काळे फळ असता कामा नये. आपल्याकडे अनेक अंगणांत व शाळांच्या आवारांत ही दोन्ही झुडपे शेजारी उभी असतात. देवपूजेला फुले हवीत म्हणून बिट्टी राखावयाची असेल, तर करवंद दुसऱ्या बाजूस लावावे.

लागवडीविषयी थोडे अनुभवाचे. रानातील लहान फळाचे करवंद आणि बागेतील मोठ्या फळाचे करवंद या दोहोंची झुडपे लावावीत, म्हणजे निघंटूतील दोन्ही भेद दृष्टीसमोर राहतात. रानटी फळ ज्येष्ठापर्यंत आटोपते, मोठे फळ श्रावण-भाद्रपदात तयार होते, त्यामुळे हंगामही लांबतो. मोठ्या फळाच्या जातींत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' आणि पंतनगरच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन', 'पंत सुवर्णा' या प्रसिद्ध आहेत. रानटी रोपांसाठी घाटातील बाईकडून पूर्ण पिकलेली फळे विकत घ्यावीत, गर खाऊन बी धुवावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पिशव्यांत टाकावे. हे बी साठवले की त्याची उगवण झपाट्याने घटते. पुढील वर्षी लावू म्हणून डबीत ठेवलेले बी बहुधा उगवत नाही. फांद्यांचे छाट सहजी मुळे धरत नाहीत. मोठ्या फळाच्या झुडपाचे गुण जसेच्या तसे हवे असतील, तर पावसाळ्यात गुटी बांधावी.

रोपे वर्षभराची झाली की मृगाच्या पावसानंतर लावावीत. कुंपणासाठी दोन रोपांत तीन फूट अंतर पुरते. फळांसाठी स्वतंत्र झुडूप हवे तर आठ फूट ठेवावे. दीड फुटाच्या खड्ड्यात मुरूम, माती व कुजलेले शेणखत भरावे. बुलढाणा, मोताळा, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा येथील हलक्या जमिनीत याहून अधिक काही करावे लागत नाही. पूर्णाकाठच्या काळ्या भारी जमिनीत मात्र पाणी साचते आणि ते करवंदाला मानवत नाही, म्हणून तेथे रोप वरंब्यावर लावावे. खारपाणपट्ट्यातील बंधूंनी निराश होण्याचे कारण नाही. थोडाफार खारेपणा हे झुडूप सोसते. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एकदा पाणी द्यावे आणि शेळीपासून राखावे. पुढे पावसाच्या पाण्यावर ते आपले आपण जगते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते. छाटणी फळे संपल्यावर करावी. कुंपण सुबक दिसावे म्हणून वरचेवर कातरत राहिल्यास फळ कमी येते. सुबकपणा हवा की फळ, हे ज्याचे त्याने ठरवावे.

फळांचा उपयोग घरातील स्त्रिया आपल्याहून चांगला जाणतात, तेथे वैद्याने फार बोलू नये. एवढेच सांगतो की कच्ची फळे मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवली की चीक निघतो, आणि किंचित कमी पिकलेल्या फळांची जेली काहीही न घालता घट्ट होते. पूर्ण पिकलेल्या फळांचे पन्हे साखर व वेलदोडा घालून केले, तर ते उन्हातून आलेल्या माणसास आम्ही निःशंकपणे देतो. मधुमेही रुग्णास अर्थातच पन्हे नको, मुरांबाही नको. दहा-बारा पिकलेली फळे नुसती खाल्ली तर चालतील.

रक्ताल्पतेच्या संदर्भात करवंदाचे नाव हल्ली वारंवार ऐकू येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. ही संख्या पाहून 'लोहाचे भांडार' म्हणून करवंदाची जाहिरात करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आम्ही तो टाळू इच्छितो. पांडूच्या रुग्णेस लोहकल्प हवा असेल तर लोहकल्पच द्यावा, गर्भिणीस आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद करावयास कोणी सांगू नये. करवंदाचे काम वेगळे आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ या आपल्या नित्याच्या आहारातील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्या घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व असलेले ताजे आंबट फळ असले, तर ते अधिक शोषले जाते. लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजवला की कढईचेही थोडे लोह त्यात उतरते. आपल्या आज्यांची करवंदाची चटणी आणि लोखंडी तवा यांची जोडी अगदीच अडाणीपणाची नव्हती.

संघटनेच्या तालुका शाखांपुढे आमची एक छोटी सूचना आहे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात दरवर्षी तीच ती रोपे आणून छायाचित्रे काढण्यापेक्षा, प्रत्येक सभासदाने एका हंगामात दोन द्रोण पिकलेली करवंदे विकत घ्यावीत आणि त्यांतील बियांची रोपे करावीत. यास अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. रोपवाटिकेचे तंत्र प्रत्यक्ष पाहावयाचे असल्यास आपल्या तरुण सभासदांनी तेथे एक फेरी अवश्य मारावी.

आमच्याकडे गेल्या ज्येष्ठात टाकलेल्या बियांची साठ-सत्तर रोपे सध्या पिशव्यांत आहेत. ती घाटातील लहान फळाची आहेत. पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीस येताना सभासदांनी एक जाड गोणपाट बरोबर आणावे, कारण वर्षाच्या रोपालाही चांगलेच काटे आले आहेत आणि एस.टी.त शेजारी बसणाऱ्याची काळजी घेणे प्राप्त आहे. प्रत्येकी चार रोपे मिळतील. ज्यांच्या आवारात बिट्टी आहे, त्यांनी तेवढे आधी सांगावे.